हादरे ओळखणारे नानाजी

नानाजींचा कशावरच विश्वास नव्हता. तराजूवर नव्हता, दलालावर नव्हता, सरकारी मोजणीवर नव्हता. आणि माझ्यासारख्या परगावच्या मास्तरावर तर असण्याचे कारणच नव्हते. मी अकोल्याच्या शाळेत नोकरीला लागलो तेव्हा त्यांच्या घराचा रस्त्याकडचा भाग रिकामा होता. तो पाहायला गेलो, तर त्यांनी मला ओसरीवर बसवले. भाड्याचे काही बोलले नाहीत, कूळगोत विचारले नाही, नुसते माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. तेवढ्यात कापसाने भरलेली एक बैलबंडी समोरून गेली.

"समजलं का काही?" त्यांनी विचारले.

"काय समजायचे?"

"भुई हालली. बुडाखाली."

मला काही जाणवले नव्हते आणि मी तसे सांगितले. नानाजींनी निराश होऊन मान हलवली. मग जरा विचार करून म्हणाले, "राहा तुमी इथी. रस्त्याकडच्या खोलीत असाच माणूस टिकते."

अशा रीतीने, काही कळत नाही या एकाच गुणावर मला अकोल्यात घर मिळाले. बिऱ्हाड लावल्यावर पहिल्याच दुपारी माझ्या बायकोने मला विचारले, "घरमालक डोळे मिटून ओट्यावर बसलेत, पाय जमिनीला चिकटवून. काही व्रत आहे का त्यांचे?"

व्रत नव्हते. नानाजी हादरे ऐकत होते. ऐकत होते असे मी म्हणतो, पण ते कानाने नव्हे. घरी असताना पायात वहाण घालत नसत. वहाणेने पाय बहिरे होतात असे त्यांचे म्हणणे. तळवे जमिनीवर टेकवून बसायचे आणि रस्त्याने काही यायच्या आत सांगायचे, "भरलेली बंडी हाये. डावं चाक ढिलं." मी पुष्कळदा उठून पाहिले. निम्म्या वेळा ते साफ चुकत. बंडी रिकामी असे, नाहीतर बंडीच नसे, कुणी बाई उखळात कांडत असे. चुकले म्हणून ते कधी ओशाळले नाहीत. उलट अधिकच सावध होऊन म्हणायचे, "दिसते रिकामी. पण आतमदी काय हाये, कोनाले ठाऊक?"

उंच, सडसडीत, नाकाने धारदार, कानात भिकबाळी, डोक्याला कायम जरासे उजवीकडे कललेले पागोटे. देशमुख घराणे, गावाभोवती काळी कसदार जमीन, घरात धान्याला तोटा नाही. बायको जाऊन बरीच वर्षे झालेली. एकच मुलगी, गोदी, ती अमरावतीला दिलेली. घर चालवायला राधाकाकू नावाची त्यांची विधवा चुलती. तिच्या हातून अर्ध्या अकोल्याची बाळंतपणे झालेली होती, म्हणून ती नानाजींना फारशी भीक घालत नसे. ती त्यांना 'नाना' म्हणे आणि चारचौघांत 'बावळट'ही म्हणे.

तो काळ मात्र संशयाला पोसणारा होता, हे कबूल केले पाहिजे. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपलेली, आणि तिच्यामुळे इकडे वऱ्हाडातल्या कापसाला कुणी स्वप्नात पाहिला नाही असा भाव आलेला. ज्याच्याकडे त्याच्याकडे कापूस, आणि जो तो दुसऱ्याला फसवायला टपलेला. कुणी गठ्ठ्यात पाणी मारी, कुणी सरकी मिसळी, कुणी मधोमध धोंडा ठेवी. नानाजी गठ्ठ्यात खांद्यापर्यंत हात घालून पाहायचे, स्वतःच्या शेतातून आलेल्या गठ्ठ्यातसुद्धा. त्यातच आगगाडीचे काम जोरात चाललेले. पुलाच्या पायात पोरे पुरतात अशी बातमी उठली की माझ्या शाळेतले वर्ग ओस पडायचे. मी मुलांच्या आयांची समजूत घालून दमायचो. नानाजींकडे तक्रार केली, तर ते म्हणाले, "पुरत नसतीनही. पण पुरत नाई हे तुमी पायलं का?"

मग आमच्या आळीच्या मागे एका गोऱ्या व्यापाऱ्याने कापूस दाबायचे वाफेचे यंत्र बसवले. ते सुरू झाले की सगळी आळी बारीक बारीक थरथरे. मोठा धक्का असा नाही; आपण ज्यावर बसलो आहोत ते जात्याच्या खालच्या दगडासारखे होऊन जाई. माझ्या बायकोच्या फळीवरची पितळी भांडी एकमेकांना लागून वाजायची. तिने मधे मधे चिंध्या घातल्या आणि विषय संपवला. राधाकाकू म्हणाली, माझी भूक मेली, आणि रोजच्याइतक्याच भाकरी खाऊ लागली. माझ्या विद्यार्थ्यांना वाकडी ओळ काढायला एक कारण मिळाले. समोरचे किसनशेठ मात्र फार सुखी होते. त्यांचा माल त्या यंत्रात दाबला जात असे. "नानाजी, हे चालू असलं की मले कशी गाढ झोप लागते," ते म्हणत, "आन् बंद पडलं की दचकून जाग येते. बंद काहून पडलं असन?"

एकाच आळीत, एकाच भिंतीला भिंत लावून राहणारी माणसे, आणि हादरा प्रत्येकाचा निराळा. मला याची गंमत वाटायची. नानाजींना ती गंमत वाटत नव्हती. त्यांच्या मते कुणीतरी एकजण खोटे बोलत होता.

एके दिवशी त्यांनी मला दुभाषा म्हणून बरोबर घेतले आणि थेट त्या गोऱ्याकडे गेले. साहेब मोठा हसतमुख. त्याने आमचे म्हणणे ऐकले, भिंतीला पंजा लावला, खाली पाहिले आणि म्हणाला, मला तर काहीच जाणवत नाही. नानाजींनी त्याच्या पायांकडे बोट दाखवले. "मास्तर, याले बूट काढाले सांगा."

मी सांगितले. साहेब आणखी हसला आणि बूट काढायला तयार होईना. नानाजी म्हणाले, "सांगा त्याले, म्या देवळात जाताना काढतो, तुया कारखान्यात येताना काढले, तुले काहून जड जाते?" तेही मी सांगितले. साहेबाने आम्हाला चहा विचारला आणि निरोप दिला.  परत येताना अर्ध्या वाटेत नानाजी एकदम थांबून म्हणाले, "तुमी बरोबर सांगतलं ना त्याले? का गोड करून सांगतलं?" मी शब्दन्‌शब्द सांगितला होता. त्यांनी मान डोलावली, पण त्यानंतर बरेच दिवस ते माझ्याशी मोजकेच बोलत होते.

हे सगळे मला विक्षिप्तपणाचे वाटायचे. ते केवळ तसे नाही हे मला माझ्या बायकोमुळे कळले. ती ओसरीवर वाती वळत बसली होती, मी आत मुलांच्या पाट्या तपासत होतो. नानाजी नेहमीच्या जागी होते. तिने सरळच विचारले, "नानाजी, गाडीचा हादरा म्हटला की तुम्ही एवढे का घाबरता हो?"

मला वाटले, आता हे उठून जाणार. पण ते बसून राहिले आणि साध्या आवाजात सांगू लागले. गोदीच्या पाठीवर तिच्या आईला पुन्हा दिवस गेले होते. तिचे माहेर अकोटाकडे. पावसाळा संपलेला, चिखलातल्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या झालेल्या. नानाजी स्वतः दमणीत, म्हणजे माणसे न्यायच्या हलक्या बैलगाडीत, पुढे बसले होते. ती आतून म्हणाली, जरा हळू चालवायला सांगा. दिवस कलायला आला होता आणि यांना वेळेत पोहोचायचे होते. यांनी गाडी हाकणाऱ्या धुरकऱ्याला सांगितले, हाण.

"दुसऱ्यांदा बोलली नाई थे," नानाजी म्हणाले. "पुरा रस्ता एक शबुद नाई. मले वाटलं, सोसते तिले. सोसलं नसतं तं बोलली असती ना, वहिनी?"

माहेरी पोहोचल्यावर तिसऱ्या दिवशी ती गेली. मूलही गेले. ते हादऱ्यानेच गेले की आणखी कशाने, हे राधाकाकूसुद्धा सांगू शकत नव्हती. "सोसते का नाई थे वरून दिसत नाई," एवढे बोलून नानाजी उठले आणि बैलांना पाणी दाखवायला गेले. बायकोच्या हातातली वात तशीच राहिली होती. मलाही त्या दिवशी पाट्या नीट तपासता आल्या नाहीत.

आणि मग गोदीकडून निरोप आला की तिला दिवस गेले आहेत.

आदल्या वर्षी तिचा एक गर्भ राहिला नव्हता. म्हणून हा निरोप आल्यावर आनंद करायचा की देव पाण्यात घालायचे, हे नानाजींच्या घरात कुणालाच कळेना. रीत ठरलेली होती. पहिले बाळंतपण माहेरी. मुलीला सातव्या महिन्यात आणायचे. सातवा हुकला तर नवव्यात. आठव्यात मात्र गरोदर बाईने वेस ओलांडायची नाही, मग काही होवो. अमरावतीहून अकोला म्हणजे बंडीरस्त्याने दोन-तीन मुक्काम. आगगाडी नुकतीच सुरू झालेली. ती अमरावतीला जात नव्हती, पण बडनेऱ्यापर्यंत दमणीने यायचे आणि तिथून आगगाडी धरली की दुपार कलायच्या आत अकोला. इतर कुठल्याही बापाने एका बैठकीत ठरवले असते. नानाजींनी तपास सुरू केला.

पहिला तपास दमणीचा. काठोकाठ भरलेला तांब्या मांडीवर घेऊन ते गावाबाहेर फेरी मारून आले. धोतर भिजले, तांब्या अर्धा झाला. तेव्हा त्यांनी दमणीच्या तळाशी नवा कापूस भरायला घेतला. साधा नव्हे, निवडक, लांब धाग्याचा. ज्या कापसासाठी लोक एकमेकांचे गळे धरत होते तो नानाजी गाडीत पसरून पायाने तुडवत होते. ही बातमी ऐकून किसनशेठ जेवणावरून उठून आले आणि उष्टा हात तसाच घेऊन उभे राहिले. "नानाजी, येड लागलं का? हा माल हाये!"

"माल नाई. गादी हाये," नानाजी म्हणाले.

मग त्या गादीवर राधाकाकूला बसवून फेरी मारली, कारण बाईच्या अंगाचे बाईलाच कळणार. बंडीचे धक्के खरेच कमी झाले होते. पण आता गाडी डुलत होती, आणि राधाकाकूला वेशीच्या आतच मळमळू लागले. कापूस काढून पुन्हा नेली, तर ती घोरायला लागली. नानाजी चिडले. "काकू, तुमी झोपल्या म्हंजे मले समजन कसं?" राधाकाकू म्हणाली, "मले झोप लागली हेच समज ना, बावळटा." ते त्यांना पटले नाही. म्हातारीची हाडे निबर झाली आहेत, तिचा पुरावा चालणार नाही, असा त्यांनी निकाल दिला. मेण्याचाही विचार झाला. भोयांची पावले एकमेकांना जुळत नाहीत म्हणून तो मागे पडला.

शेवटी आगगाडी. मला त्यांनी बरोबर घेतले ते सोबतीसाठी नव्हे. बडनेऱ्याच्या वाटेवर तिकीटवाला काही इंग्रजीत बोलला, तर तो फसवून बोलतो आहे की कसे, हे सांगायला कुणीतरी हवे होते.

तो प्रवास मी विसरणार नाही. लाकडी बाके, माणसांनी खच्चून भरलेला डबा, आणि जो तो आपल्याच अंगाकडे लक्ष लावून बसलेला. एक म्हातारा शेतकरी मूर्तिजापूरपर्यंत उभा होता. बसले की हाडात शिरते म्हणे. एक बाई डोळे मिटून देवाचे नाव घेत होती. एक व्यापारी गाडी सुटायच्या आधीच झोपला होता आणि त्याचे डोके खिडकीच्या लाकडावर टकटक करत होते, तरी जागा होत नव्हता. आमच्या समोरच्या बाकावर दोघे सख्खे भाऊ होते. थोरला म्हणाला, "हालतच नाई गा. पाण्यावरल्या नावेवाणी चालून राहिली." धाकटा म्हणाला, "माये तं दात वाजून राहिले." दोघांत खरेच भांडण लागले आणि ते मिटवायला मला मधे पडावे लागले.

नानाजी कुणाकडे पाहत नव्हते. इथेही त्यांनी भरलेला तांब्या मांडीवर घेतला होता; त्यातल्या पाण्यावर बारीक वर्तुळे उठत होती आणि मधल्या मधे विरत होती. एक थेंब बाहेर सांडला नाही. मी म्हणालो, "झाले तर मग, नानाजी. याच्यापेक्षा अलगद कुणी आणणार नाही. गोदीला आगगाडीनेच आणा."

ते माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर भीती होती. इतके दिवस मी त्यांचा संशय पाहिला होता, भीती पाहिली नव्हती.

"मास्तर, मले बरं वाटून राहिलं."

"मग चांगलेच की."

"थेच तं. डोळे मिटून राहिले माये. दमणी दुखवते, तवा आपण थांब म्हणतो. हे दुखवत नाई, म्हून कोनी थांब म्हणणार नाई. मंग आतमदी काय करून राहिलं, थे कसं समजन?"

बडनेऱ्याला उतरल्यावर ते एका खांबाला धरून उभे राहिले. गाडी पुढे निघून गेली, फलाट रिकामा झाला, तरी खांब सोडेनात. त्यांच्या पायाखालची जमीन अजून धावत होती. अशी भोवळ पुष्कळांना येते, घटकाभरात जाते, हे मी सांगितले. "मी उतरलो," ते म्हणाले, "पण थे उतरलं नाई." परतीच्या गाडीत ते बसले, पण पाय वर घेऊन, मांडी घालून, कुठल्याही लाकडाला अंग लागणार नाही असे.

एवढ्यावर थांबते तर ते नानाजी कसले? पुन्हा गेले. पुढच्या डब्यात बसून पाहिले, मागच्या डब्यात बसून पाहिले, मधल्या डब्यात हादरा कमी असतो असे कुणीतरी सांगितले तर तेही तपासून आले. मधे दमणीच्या चाकांच्या लोखंडी धावा नव्या करून घेतल्या. अमरावतीहून व्याह्यांचा माणूस येऊन विचारून गेला, कधी नेताय? "नेतो, नेतो," नानाजी म्हणाले, आणि माणसाची पाठ फिरल्यावर म्हणाले, "याले एवढी घाई काहून झाली?"

ही तपासणी माझ्या बायकोने थांबवली. अमरावती तिचे माहेर. तिकडून आलेल्या तिच्या आत्येने सहज सांगितले की गोदीला आठवा लागला. बायको तशीच उठून नानाजींच्या ओसरीवर गेली. एरवी ती त्यांच्यासमोर मोठ्याने बोलत नसे.

"नानाजी, तुम्ही गाड्याच पाहत राहा. पोरीला आठवा लागला."

 नानाजी म्हणाले, "कोन म्हणते? मोजण्यात चूक असन." राधाकाकूने बोटांवर पुन्हा मोजले. मग ते पंचांगावर घसरले, पंचांगच चुकीचे असेल म्हणाले. जोश्याकडे गेले. जोश्याने तेच सांगितले. परत आले ते एखाद्या आजाऱ्यासारखे भिंत धरून बसले. आता महिनाभर पोरीला हलवता येणार नव्हते, आणि त्यानंतर नवव्यात, अवघडलेली असताना, दमणीत नाहीतर आगगाडीत घालायची. ज्या गोष्टीला ते सगळ्यांत जास्त भीत होते ती त्यांनी आपल्याच हाताने ओढवून घेतली होती. मला त्यांचा फार राग आला, आणि तितकीच दयाही आली. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आळीत गलबला ऐकून बाहेर आलो, तर दारात दोन बंड्या उभ्या. त्यात बाज चढत होती, पाटा-वरवंटा चढत होता, शेगडी, गोवऱ्या, डिंक, खारका, बाळंतशेपा, लुगड्यांची बोचकी, पाणी तापवायचे मोठे तपेले. नानाजी प्रत्येक वस्तू दोरीने बांधून हलवून पाहत होते.

"कुठे निघालात?" मी विचारले.

"पोरगी माहेरी येऊ शकत नाई," ते म्हणाले. "मंग माहेरच घेऊन जातो."

असे कुणी केलेले मी तोवर ऐकले नव्हते, नंतरही ऐकले नाही. मुलीच्या घरी पाण्याचा घोट न घेणारा बाप, तो व्याह्यांच्या गावात जाऊन बिऱ्हाड करणार! राधाकाकूने मात्र बंडीत बसायला साफ नकार दिला. "सामानासंग तू जा हाडं मोडत. मले रेलचं तिकीट काढून दे," म्हणाली, आणि नानाजींच्या देखत आगगाडीने गेली. बडनेऱ्याला सुखरूप उतरली, याचाही त्यांच्यावर काही परिणाम झाला नाही.

अमरावतीतले पुढचे मी राधाकाकूच्या तोंडून ऐकले. नानाजींनी गोदीच्या सासरापासून एक आळी सोडून दोन खोल्या घेतल्या. आळी म्हणजे वेस नव्हे, असा राधाकाकूने कौल दिला, आणि गोदी आपल्या पायांनी चालत माहेरी जायला निघाली. मधला रस्ता कापूसबाजाराचा. बंड्यांची रीघ लागलेली, चाकांखाली रस्ता हादरतो आहे. नानाजी रस्त्याच्या मधोमध जाऊन हात पसरून उभे राहिले.

"पोट्टी सावकाश चालून राहिली," राधाकाकू सांगत होती, "आन् हा बैलाच्या तोंडासमोर! मांगं पार गावाच्या परकोटापर्यंत बंड्या थटल्या. धुरकरी आय-माय काढून राहिले. एकजण वरडला, काय गा, मेलं का कोनी? तं नाना म्हणते, मरू नये म्हून उभा हावो."

विहीणबाईंच्या मनात वेगळाच किंतु. आपण सुनेला नीट ठेवत नाही असा व्याह्यांना संशय आला, म्हणून हे पहारा द्यायला आले, असे त्यांना वाटले. त्यांनी ते खोटे पाडायला लाडू पाठवले. नानाजींनी लाडवाचा वास घेऊन पाहिला, आणि नेमके ते विहीणबाईंच्या मोलकरणीने पाहिले. ते प्रकरण निस्तरायला राधाकाकूला दोनदा जाऊन पाया पडावे लागले.

गोदी बाळंत झाली ती भर दुपारी. नानाजी सकाळपासून आळीच्या तोंडाशी उभे होते. कळा लागलेल्या घरासमोरून बंडी जाऊ द्यायची नाही, हा त्यांचा हट्ट. लोकांशी हुज्जत घालून त्यांचा आवाज बसला. तेव्हा एका धुरकऱ्याने, तोच तो आय-माय काढणारा होता असे राधाकाकू म्हणते, काय चालले आहे ते विचारले, आणि आपलीच बंडी आळीच्या तोंडाशी आडवी लावून बैल सोडले. मुलगी झाली. गोदी ठणठणीत होती. नानाजींना सांगायला राधाकाकू बाहेर आली, तर त्यांनी विचारले, "खरं सांगून राहिल्या ना?"

शेकशेगडी, बारसे, सगळे रीतीप्रमाणे झाल्यावर राधाकाकूला गोदीजवळ ठेवून नानाजी अकोल्याला पुढे आले. घर सारवून घेतले, माजघरात पाळणा टांगला. लेकीला आणायला दमणी कधी धाडायची याचा त्यांचा विचार सुरू झाला, तो कधी संपला असता देव जाणे. पण एके सकाळी किसनशेठ बडनेऱ्याहून आलेल्या गाडीतून उतरून थेट नानाजींच्या ओसरीवर आले आणि सांगू लागले की तुमच्या जावयाची भेट झाली. मागून येणाऱ्या गाडीने तो गोदीला आणि बाळाला घेऊन येतो आहे.

नानाजींनी पागोटेसुद्धा घातले नाही. आम्ही जवळजवळ पळतच स्टेशनावर पोहोचलो.

गाडी आली, थांबली. एका डब्यातून जावई उतरला, त्याच्यामागून राधाकाकू, आणि मग गोदी. मी तिला प्रथमच पाहत होतो. बापासारखीच उंच, तोंडावर हसू, पदराखाली बाळ. "बाबा, मले तं बसल्याबरोबर झोप लागली," ती म्हणाली. "आन् ही तं अजून निजून हाये."

नानाजींनी हात पुढे केले. तिने बाळ त्यांच्या हातांवर ठेवले. ते खाली वाकून त्या एवढ्याशा तोंडाकडे पाहत राहिले, आणि बघता बघता त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"गोदे, ही थरथरून राहिली," ते म्हणाले. "पुरं आंग हालून राहिलं हिचं. पायून घे."

मी जवळ गेलो. बाळ खरेच हलत होते. दुपट्याची किनार, कपाळावरचे जावळ, सगळे बारीक थरथरत होते.  जावई पुढे आला. गोदी मात्र जागची हलली नाही. तिने आपले दोन्ही हात बापाच्या मनगटांखाली धरले, आणि बाळ स्वस्थ झाले.

"ही नाई, बाबा," ती म्हणाली. "थे तुमचे हात हायेत."

नानाजींनी बाळावरून नजर काढली आणि आपल्या हातांकडे पाहिले. असे पाहिले, की जणू ते हात कुणा परक्याचे आहेत. इंजिनाने वाफ सोडली, हमाल ओरडत गेले, त्यांचे लक्ष नव्हते.

"कवापासून?" त्यांनी विचारले.

"मले आठवते तवापासून," गोदी म्हणाली.

मग तिने बाळ स्वतःकडे घेतले, मोकळ्या हाताने त्यांचे मनगट धरले आणि त्यांना फलाटाबाहेर घेऊन गेली.